डोळ्यांच्या गोळ्या आणि पुराव्याची कसोटी

बीड, प्रतिनिधी : ऊसतोडीचा हंगाम आटोपून गावी परतलेल्या कुटुंबाच्या हाती मुकादमाची उचल फेडून जी काही रक्कम उरते, तिला वाटा फुटायला वेळ लागत नाही. बियाणे, किराणा, मुलांची शाळा आणि म्हाताऱ्या आई-वडिलांचा दवाखाना. सहा महिने घर सांभाळत मागे राहिलेल्या या वृद्धांची पहिली तक्रार बहुधा एकच असते, ‘नीट दिसत नाही.’ या तक्रारीवर औषध दुकानाच्या फळीवर एक सोपे उत्तर तयार असते. रंगीत खोक्यातील, डोळ्याचे चित्र असलेली, ‘दृष्टीसाठी पोषक’ असे सांगणारी गोळी. महिन्याला काही शे रुपये खर्चून ती सुरू होते आणि पुढच्या हंगामापर्यंत चालू राहते. दृष्टी मात्र आणखी धूसर झालेली असते.

हे चित्र एकट्या बीडचे नाही. मुंबई-पुण्यातील सुशिक्षित घरांतही हेच घडते. फरक इतकाच, की तेथे चुकलेल्या महिन्याची किंमत कमी असते. २०११च्या जनगणनेनुसार २५ लाख ८५ हजार लोकसंख्येच्या, वारंवार अवर्षणाला तोंड देणाऱ्या आणि दरवर्षी लाखो मजुरांना परजिल्ह्यांत व कर्नाटकात पाठविणाऱ्या बीड जिल्ह्यात ही किंमत मजुरीच्या दिवसांत मोजावी लागते. त्यामुळे तोंडावाटे घेतल्या जाणाऱ्या पूरक गोळ्यांनी डोळ्यांचे आजार बरे होतात किंवा रोखले जातात का, हा प्रश्न येथे केवळ वैद्यकीय राहत नाही. सुदैवाने या प्रश्नावर गेल्या तीन-चार दशकांत जगभर मोठ्या चाचण्या झाल्या आहेत. त्यांची उत्तरे पुरेशी स्पष्ट आहेत, परंतु ती दुकानाच्या फळीपर्यंत पोहोचलेली नाहीत.

चाचणी म्हणजे नेमके काय?

‘अमक्याला फरक पडला’ हा आपल्याकडील सर्वांत प्रभावी प्रचार. वैद्यकशास्त्र मात्र या वाक्यावर विसंबत नाही. शेकडो किंवा हजारो रुग्णांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, दोन गट पाडले जातात. एका गटाला खरी गोळी, दुसऱ्याला तशीच दिसणारी परंतु औषधी गुण नसलेली गोळी दिली जाते. कोणाला काय मिळाले, हे रुग्णालाही ठाऊक नसते आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही. काही वर्षांनी दोन्ही गटांची तुलना होते. खरी गोळी घेणाऱ्यांचे डोळे दुसऱ्या गटापेक्षा लक्षणीय प्रमाणात चांगले राहिले, तरच तिचा गुण मान्य होतो.

ही खबरदारी किती आवश्यक आहे, याचे उदाहरण अमेरिकेतील ‘ड्रीम’ या चाचणीने २०१८ मध्ये घालून दिले. डोळे कोरडे पडण्याचा त्रास असलेल्या ५३५ रुग्णांपैकी काहींना माशांच्या तेलातून मिळणारे ओमेगा-३ स्निग्धाम्ल रोज तीन ग्रॅम, तर उरलेल्यांना ऑलिव्ह तेल वर्षभर देण्यात आले. ओमेगा-३ घेणाऱ्यांना बरे वाटले, हे खरे. परंतु ऑलिव्ह तेल घेणाऱ्यांनाही जवळपास तेवढेच बरे वाटले. दोन गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. दुसरा गटच नसता, तर ‘ओमेगा-३ने कोरडे डोळे बरे होतात’ असा निष्कर्ष सहज निघाला असता.

एक गोळी, एकच आजार

डोळ्यांच्या पूरक गोळ्यांची सारी कीर्ती प्रामुख्याने एका चाचणीवर उभी आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्र संस्थेने हाती घेतलेल्या ‘एआरईडीएस’ या चाचणीचे निष्कर्ष ऑक्टोबर २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. उतारवयात दृष्टिपटलाचा मध्यभाग झिजत जातो आणि समोरच्या माणसाचा चेहरा किंवा पुस्तकातील अक्षरे दिसेनाशी होतात. या विकाराला नेत्रतज्ज्ञ थोडक्यात ‘एएमडी’ म्हणतात. त्याच्यासंबंधीच्या भागात ३ हजार ६४० जण सहभागी होते. जीवनसत्त्व क ५०० मिलिग्रॅम, जीवनसत्त्व ई ४०० एकके, बीटा-कॅरोटीन १५ मिलिग्रॅम, जस्त ८० मिलिग्रॅम आणि तांबे २ मिलिग्रॅम असे हे मिश्रण होते.

परिणाम आशादायक निघाला. मध्यम अवस्थेतील किंवा एका डोळ्यात बळावलेला एएमडी असणाऱ्यांमध्ये आजार गंभीर अवस्थेत जाण्याची शक्यता सुमारे २५ टक्क्यांनी घटली. साध्या भाषेत सांगायचे तर, पाच वर्षांत शंभरातील २८ जणांचा आजार बळावायचा, तेथे तो २० जणांचा बळावला. ही घट लहान नाही. परंतु तिच्या मर्यादाही त्याच अहवालात नोंदल्या आहेत. आजाराच्या प्रारंभिक अवस्थेत लाभ दिसला नाही. गेलेली दृष्टी परत येत नाही. आणि मुख्य म्हणजे, याच चाचणीत मोतीबिंदूवर या जीवनसत्त्वांचा कोणताही परिणाम आढळला नाही. जाहिरातींनी पहिली ओळ उचलली. उरलेल्या तीन मागे राहिल्या.

तंबाखूचा धोका

या कथेचा उत्तरार्ध बीडसारख्या जिल्ह्याने आवर्जून वाचावा असा आहे. फिनलंडमध्ये २९ हजार १३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत रोज बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण १८ टक्क्यांनी अधिक आढळले, हे १९९४ मध्येच उघड झाले होते. गाजरातून मिळणारे हे द्रव्य निरुपद्रवी, किंबहुना हितकारक, असा तोवर सार्वत्रिक समज होता. मोठ्या मात्रेत ते धूम्रपान करणाऱ्याला घातक ठरू शकते, हे चाचणी झाली म्हणूनच कळले.

त्यामुळे ‘एआरईडीएस-२’ या ४ हजार २०३ जणांच्या पुढील चाचणीत बीटा-कॅरोटीनऐवजी ल्युटिन आणि झिआझँथिन ही द्रव्ये तपासण्यात आली. २०१३ मधील निष्कर्षांनुसार ही दोन द्रव्ये किंवा ओमेगा-३ मूळ मिश्रणात नुसती वाढविल्याने एकंदरीत जादा लाभ झाला नाही. मात्र बीटा-कॅरोटीनच्या जागी ल्युटिन-झिआझँथिन वापरणे अधिक सुरक्षित असल्याचे दिसले. दहा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२२ मध्ये ते अधिक ठळक झाले. बीटा-कॅरोटीन मिळालेल्यांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाची शक्यता जवळपास दुप्पट, तर ल्युटिनच्या गटात तशी वाढ नव्हती. ज्या घरात आजोबांच्या खिशात विडीचे बंडल असते, त्या घरात डोळ्यांची गोळी आणताना खोक्यावरील घटकांची यादी वाचणे किती महत्त्वाचे आहे, हे यावरून ध्यानात यावे. विडी सोडलेल्यालाही हीच खबरदारी लागू होते. धूम्रपान हे एएमडीचेही मोठे कारण आहे. म्हणजे खर्चाविना डोळा वाचविण्याचा एक उपाय विडी विझविण्यात आहे.

मोतीबिंदूपुढे गोळी हरते

बीडच्या वृद्धाची नजर धूसर होण्याचे सर्वांत संभाव्य कारण एएमडी नव्हे, मोतीबिंदू आहे. २०१५ ते २०१९ दरम्यानच्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात पन्नाशी ओलांडलेल्यांपैकी १.९९ टक्के लोक अंध होते आणि त्या अंधत्वापैकी ६६.२ टक्क्यांना मोतीबिंदू कारणीभूत होता. म्हणजे तीन अंधांपैकी दोघांची दृष्टी एका शस्त्रक्रियेने परत येण्याजोगी. मग मोतीबिंदूवर गोळीचा उपयोग होतो का?

याचे उत्तर शोधण्यासाठी परदेशात जाण्याचीही गरज नाही. तमिळनाडूत मदुराईच्या परिसरातील खेड्यांत ३५ ते ५० वयोगटातील ७९८ जणांवर पाच वर्षे चाचणी झाली. बीटा-कॅरोटीन, जीवनसत्त्व क आणि ई आठवड्यातून तीनदा देण्यात आली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मोतीबिंदूच्या वाढीवर त्यांचा काहीही परिणाम झाला नाही. २०१२ मध्ये कॉक्रेन या जागतिक संस्थेच्या आढाव्यात नऊ चाचण्यांतील १ लाख १७ हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र तपासण्यात आली. निष्कर्ष तोच.

तथापि, येथे एक अपवाद नोंदविणे न्यायाचे ठरेल. चीनमधील लिनशियान या गरीब, कुपोषित भागात झालेल्या चाचण्यांत, १९९३ मधील अहवालानुसार, बहुजीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणाऱ्या ६५ ते ७४ वयोगटात एका प्रकारच्या मोतीबिंदूचे प्रमाण ३६ टक्क्यांनी कमी आढळले. जीवनसत्त्व ब गटातील रिबोफ्लेविन आणि नायसिन या जोडीनेही तसाच लाभ दिला, पण त्याच जोडीने दुसऱ्या प्रकारचा मोतीबिंदू वाढल्याचे दिसले. ज्यांच्या ताटातच उणीव आहे, त्यांना पूरकाचा लाभ होऊ शकतो. ज्यांचे पोषण पुरेसे आहे, त्यांना तो क्वचितच होतो, असा याचा अर्थ लावता येतो.

हा मुद्दा आपल्याकडे गैरलागू नाही. साठी ओलांडलेल्या भारतीयांच्या एका मोठ्या पाहणीत उत्तर भारतात सुमारे ७४ टक्के, तर दक्षिणेत सुमारे ४६ टक्के वृद्धांमध्ये जीवनसत्त्व कची कमतरता आढळली होती. रक्तात हे जीवनसत्त्व जास्त असणाऱ्यांमध्ये मोतीबिंदू कमी, असेही त्या पाहणीत दिसले. मात्र पाहणी आणि चाचणी यांत फरक आहे. ज्याच्या जेवणात पेरू, आवळा, लिंबू आणि पालेभाजी आहे, त्याचे एकूण जगणेच बरे असण्याची शक्यता असते. ते बरेपण गोळीत भरता येत नाही. भाकरीबरोबर हिरवी भाजी आणि लिंबाची फोड मिळावी, हा आग्रह त्यामुळे योग्यच. परंतु एकदा पिकलेला मोतीबिंदू लिंबाने उतरत नाही आणि गोळीनेही नाही. त्याला शस्त्रक्रियाच लागते.

ही शस्त्रक्रिया राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत सरकारी रुग्णालयांत मोफत होते. हा कार्यक्रम १९७६ पासून सुरू आहे. बीडला जिल्हा रुग्णालय आहे, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. अडचण असते ती तेथवर सोबत नेणाऱ्या माणसाची, बुडणाऱ्या मजुरीची आणि मनातील भीतीची. गोळी नेमकी या भीतीवर चालते. तिने डोळ्याला प्रत्यक्ष अपाय होईलच असे नाही, परंतु शस्त्रक्रिया लांबते. दरम्यान मोतीबिंदू अति पिकला तर डोळ्यातील दाब वाढून दृष्टी कायमची जाऊ शकते.

काचबिंदूबाबत तर ही दिरंगाई अधिकच महाग पडते, कारण त्यात गेलेली नजर परत येतच नाही. नायसिनच्या कुळातील निकोटिनामाइड या द्रव्याने काचबिंदूच्या रुग्णांत दृष्टिपटलाचे कार्य काहीसे सुधारल्याचे ऑस्ट्रेलियातील ५७ रुग्णांच्या चाचणीत २०२० मध्ये दिसले आणि त्यानंतर मोठ्या चाचण्या हाती घेण्यात आल्या. ही आशेची खूण जरूर आहे. परंतु अशा बातमीवरून कोणी डोळ्यांत घालायचे थेंब बंद करून गोळी सुरू करू नये. ५७ रुग्णांच्या काही आठवड्यांच्या अनुभवावर आयुष्यभराची दृष्टी पणाला लावता येत नाही.

चमचाभर औषध आणि स्थलांतर

पूरकांच्या या इतिहासात एक उपाय असा आहे की ज्याने बालकांचे डोळे खरोखर वाचवले. तो म्हणजे जीवनसत्त्व अ. त्याच्या अभावी प्रथम रातांधळेपणा येतो, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसासारखे डाग दिसतात आणि उपचार न झाल्यास बुबुळावरील पारदर्शक पडदा मऊ पडून मूल कायमचे आंधळे होते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कामाच्या आधारे भारताने १९७० मध्ये बालकांना जीवनसत्त्व अ देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. नवव्या महिन्यात एक लाख एकके आणि त्यानंतर पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी दोन लाख एकके, अशा एकूण नऊ मात्रा. अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात, चमच्याने, विनामूल्य.

याही उपायाची चाचणीच्या कसोटीतून सुटका झालेली नाही. इंडोनेशियात १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या मात्रांनी बालमृत्यू ३४ टक्क्यांनी घटले. उत्तर प्रदेशात सुमारे दहा लाख बालकांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘देवता’ या महाकाय चाचणीत मात्र ही घट अवघी चार टक्के, म्हणजे योगायोगानेही दिसू शकेल इतकीच होती. त्यामुळे मृत्यू रोखण्यासाठी सरसकट मात्रा द्याव्यात की नाही, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. परंतु उणीव असलेल्या मुलाचा डोळा या औषधाने वाचतो, याबद्दल वाद नाही. २०१६ ते २०१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात एक ते चार वर्षांच्या सुमारे १८ टक्के बालकांत ही उणीव आढळली होती.

येथे बीडचा प्रश्न पुन्हा समोर येतो. दोन मात्रांमधील अंतर सहा महिने. ऊसतोडीचा हंगामही जवळपास तेवढाच. दिवाळीच्या सुमारास गाव सोडणारे कुटुंब उन्हाळ्याच्या तोंडावर परतते. या काळात मूल कारखान्याच्या तळावर, पालात असते. गावच्या अंगणवाडीच्या नोंदवहीत त्याचे नाव असते, मूल नसते. आणि ज्या गावाच्या शिवारात मूल असते, तेथील नोंदवहीत नाव नसते. अशा मुलाची वर्षातील दोनपैकी एक मात्रा चुकण्याचा धोका उघड आहे. आजोबांसाठी ज्या गोळीचा पुरावा नाही, ती विकत आणली जाते. आणि नातवासाठी ज्या औषधाचा आधार आहे, ते फुकट असूनही त्याच्यापर्यंत पोहोचेलच याची खात्री देता येत नाही. निघण्यापूर्वी मात्रा देणे, तिची नोंद मातेच्या हातातील कार्डावर करणे आणि कारखान्याच्या तळावर आरोग्य पथकाने ते कार्ड पाहणे, एवढी साधी साखळीही पुष्कळ काम करील.

कायद्याची पळवाट

पुराव्याविना गोळी विकली तरी कशी जाते, असा प्रश्न वाचकाला पडेल. याचे उत्तर परवान्यात आहे. औषधाला बाजारात येण्यापूर्वी आपला गुण सिद्ध करावा लागतो. पूरक गोळी मात्र अन्नपदार्थ म्हणून नोंदली जाते. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१६च्या नियमांनुसार अशा उत्पादनावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असा इशारा छापणे बंधनकारक करण्यात आले. हा इशारा लहान अक्षरांत असतो, डोळ्याचे चित्र मोठे असते. ज्याला नीट दिसत नाही, त्याने लहान अक्षरे वाचावीत, ही अपेक्षाच मुळात विचित्र आहे.

अन्न म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळीतील जीवनसत्त्वे व खनिजे या नियमांनी दैनंदिन शिफारशीच्या मर्यादेशी बांधली. एआरईडीएसमधील ८० मिलिग्रॅम जस्त हे रोजच्या गरजेच्या कितीतरी पट होते. त्यामुळे खोक्यावर चाचणीतील घटकांची नावे दिसली, म्हणजे चाचणीतील मात्रा मिळाली असे होत नाही. आणि ती मोठी मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याविना घेणेही योग्य नव्हे.

दुसरीकडे १९५४ चा जादूटोणावजा उपचार व आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा केंद्रीय कायदा आहे. त्याच्या परिशिष्टात अंधत्व, मोतीबिंदू आणि काचबिंदू यांचा स्पष्ट उल्लेख आहे. हे आजार बरे करण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात हा त्याखाली गुन्हा ठरतो. ‘शस्त्रक्रियेविना मोतीबिंदू बरा’ असे पत्रक हाती पडले, तर ते अन्न व औषध प्रशासनाकडे देता येते. २००७ मध्ये सुरू झालेल्या आणि २००९ पासून औषधचाचण्यांना सक्तीच्या झालेल्या राष्ट्रीय चाचणी नोंदवहीत कोणती चाचणी कोठे, कोणावर चालू आहे, हे कोणालाही पाहता येते. २०१९च्या नव्या नियमांनी औषधचाचणीत अपाय झालेल्यास मोफत उपचार आणि भरपाईचा हक्क दिला आहे.

माहितीचा अभाव महाग पडतो, हे बीडला नव्याने सांगावे लागू नये. २०१९ मध्ये विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत जिल्ह्यातील ८२ हजार ३०९ ऊसतोड महिलांपैकी १३ हजार ८६१ जणींची गर्भाशये काढल्याचे समोर आले. तेथे नको तेथे शस्त्रक्रिया झाली. डोळ्यांच्या बाबतीत हवी तेथे ती लांबते. दोन्हींचे मूळ एकच आहे. उपचाराचा निर्णय ज्याच्या शरीराविषयी असतो, त्याच्यापर्यंत खरी माहिती पोहोचत नाही.

चाचण्यांनी गेल्या काही दशकांत जे सांगितले, त्याचा मथितार्थ थोडक्यात असा : मध्यम अवस्थेतील एएमडी असेल तर विशिष्ट मिश्रण, तेही नेत्रतज्ज्ञांच्या सल्ल्याने. जीवनसत्त्व अची उणीव असेल तर चमच्याचे औषध, वेळेवर. मोतीबिंदूला शस्त्रक्रिया. काचबिंदूला थेंब आणि नियमित तपासणी. गोळी घेण्यापूर्वी ‘हिच्यात काय आहे’ एवढेच विचारून भागणार नाही. ‘मला नेमका कोणता आजार आहे’ हा प्रश्न त्याआधी विचारायला हवा. त्याचे उत्तर दुकानाच्या फळीवर मिळत नाही, ते डोळे तपासल्यावरच मिळते. ही तपासणी सरकारी रुग्णालयात होते. पुढचा हंगाम सुरू होण्यापूर्वी घरातील म्हाताऱ्या माणसाला तेथे नेऊन आणणे, हा एका दिवसाच्या मजुरीचा खर्च आहे. गोळीच्या वर्षभराच्या खर्चापेक्षा तो खचितच कमी आहे.